युनि-असिस्ट : पंचाहत्तर युरोत काय मिळतं, काय मिळत नाही

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेल्या कुणालाही एफसी, म्हणजे कागद तपासणारं फॅसिलिटेशन सेंटर, समजावून सांगावं लागत नाही. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीच्या, आधी कागद तपासून घ्यायचे, सगळं जुळलं की फॉर्म कन्फर्म. सीट देणं एफसीच्या हातात नसतं, पण तिथे कागद अडला की पुढचं सगळं अडतं. जर्मनीतल्या विद्यापीठांसाठी युनि-असिस्ट हेच काम करतं. बर्लिनमधली ही संस्था २००३ साली विद्यापीठांनीच मिळून उभी केली आणि आज जर्मनीतली सुमारे १७० विद्यापीठं आणि उच्चशिक्षण संस्था तिच्या सदस्य आहेत. परदेशी मार्कशीट वाचायची, ती पदवी जर्मनीत कितपत धरली जाते ते बघायचं, गुण जर्मन श्रेणीत बदलायचे आणि फाइल विद्यापीठाकडे पाठवायची, एवढंच तिचं काम. प्रवेश कुणाला द्यायचा हे विद्यापीठ ठरवतं.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं की या सेवेबद्दलच्या बऱ्याच तक्रारी चुकीच्या अपेक्षेतून येतात. इथे पसंतीक्रम नसतो, अलॉटमेंट नसते, एका फॉर्मवर दहा कॉलेजं मिळत नाहीत. तुमचं एसओपी, म्हणजे 'हाच कोर्स का करायचाय' हे सांगणारं निवेदन, किती चांगलं आहे हेही इथे कुणी तपासत नाही. एफसीच्या खिडकीवरचा माणूस जसं बघेल, तसंच बघितलं जातं : कागद पूर्ण आहे का, वाचता येतो का, नियमात बसतो का. त्या मापाने मोजलं तर सेवा चांगली आहे. सल्लागाराच्या मापाने मोजाल तर एकही स्टार देणार नाही.

कुणाला लागतं

सगळ्यांना लागत नाही, म्हणून पैसे भरायच्या आधी हे बघा. बर्लिनचं तांत्रिक विद्यापीठ आणि टीयू ड्रेस्डेन हे परदेशी पदवीवाल्यांचे मास्टर्सचे अर्ज युनि-असिस्टमार्फत घेतात. आरडब्ल्यूटीएच आखेन स्वतःच्या पोर्टलवर घेतं, तिथे युनि-असिस्टचा काही संबंध नाही. म्युनिकच्या टीयूएमचा तिसराच प्रकार : अर्ज त्यांच्याच पोर्टलवर करायचा, पण भारतातली पदवी असेल तर सोबत युनि-असिस्टकडून मिळालेली व्हीपीडी जोडायची. व्हीपीडी म्हणजे पूर्वतपासणीचा दाखला. तुमची पदवी मास्टर्ससाठी चालते का आणि जर्मन श्रेणीत तुमचा गुण किती, हे त्यावर लिहिलेलं असतं.

व्हीपीडीच्या बाबतीत दरवर्षी कुणी ना कुणी एकाच ठिकाणी फसतं. दाखला हातात आला की अर्ज झाला, असं वाटतं. तो झालेला नसतो. युनि-असिस्ट व्हीपीडी तुमच्या खात्यात पीडीएफ म्हणून टाकतं. ती उतरवून विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवणं आणि तिथला अर्ज मुदतीत सबमिट करणं हे तुमचं काम. युनि-असिस्टच्या खात्यात 'पूर्ण' दिसत असतं आणि विद्यापीठाकडे तुमचं नावही नसतं.

बारावीनंतर थेट जर्मनीत पदवी करायची असेल तर गणित वेगळं. महाराष्ट्र बोर्डाची एचएससी एकटी सहसा पुरत नाही. भारतात मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेलं असेल तर त्याच शाखेत, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पात्र असाल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांत वाट खुली होते. नाहीतर श्टुडियेनकोलेगची, म्हणजे पूर्वतयारीच्या वर्षाची पायरी येते. इथून पुढचं सगळं मुख्यतः मास्टर्सवाल्यांसाठी आहे, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांत तेच जास्त.

पैसे

एका सेमिस्टरसाठी पहिल्या अर्जाचे ७५ युरो, त्याच सेमिस्टरमधल्या पुढच्या प्रत्येक अर्जाचे ३० युरो. 'अर्ज' म्हणजे विद्यापीठ नव्हे, अभ्यासक्रम. एकाच विद्यापीठात दोन कोर्स निवडले तरी ते दोन मोजले जातात. पाच कोर्स म्हणजे ७५ अधिक चार वेळा ३०, एकूण १९५ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साडेएकोणीस हजार रुपये. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा अर्ज केला की गाडी परत ७५ पासून सुरू. काही विद्यापीठं ही फी स्वतः भरतात, त्यामुळे कोर्सच्या पानावर एकदा नजर टाकावी.

महाग आहे का? अमेरिकेतल्या विद्यापीठांना प्रत्येकी वेगळी फी भरणाऱ्याला हे स्वस्त वाटेल. ज्याचा अर्ज एक मार्कशीट कमी पडल्याने परत येतो, त्याला हीच रक्कम लुबाडणूक वाटते. फी छाननीची असते आणि नकार आला म्हणून ती परत मिळत नाही. म्हणूनच 'बघू तरी लागतंय का' असे दोन-तीन कोर्स भरीला टाकायची पद्धत इथे तोट्याची. ज्या कोर्सच्या अटीत स्पष्टपणे न बसणारी गोष्ट आहे, उदाहरणार्थ मेकॅनिकलवाल्याला कॉम्प्युटर सायन्सचे ठराविक क्रेडिट मागितलेत, तिथले ३० युरो वाचवा.

पैसे भरायला कार्ड सर्वांत सोपं, पण कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेले हवेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू होऊन येतात. बाकीचं बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावं लागतं आणि ऑनलाइन वापराची मर्यादाही तिथेच वाढवावी लागते. बँक ट्रान्सफर केला तर दोन गोष्टी सांभाळा. व्यवहाराच्या कारणाच्या रकान्यात तुमचा अर्जदार क्रमांक लिहा, नाहीतर पैसे पोचतात पण कुणाचे ते कळत नाही. आणि बँकेतल्या माणसाला सांगा की सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडून घ्या. मधल्या बँकेने पाच-दहा युरो कापले तर तिकडे ६७ पोचतात, आणि फी पूर्ण आल्याशिवाय फाइल उघडली जात नाही.

फॉर्ममधलं नाव

माय असिस्ट नावाचं पोर्टल तसं बरं आहे. खातं उघडा, कोर्स शोधा, निवड यादीत टाका, प्रश्नांची उत्तरं द्या, कागद चढवा, सबमिट, पैसे. इंग्रजीत चालतं, भरलेलं जतन होतं, आणि एकदा चढवलेले कागद दुसऱ्या अर्जालाही वापरता येतात. दिसायला देखणं नाही, पण महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरलेल्याला हे लोण्यासारखं वाटेल.

अडचण आपल्या नावांची आहे. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी किंवा वेगळ्या ओळीत आईचं नाव असतं. 'पाटील सागर विजय सुनंदा' असं मार्कशीटवर, आणि पासपोर्टवर आडनाव पाटील, दिलेलं नाव सागर विजय. बर्लिनमध्ये बसलेल्या तपासनिसाला सुनंदा हा चौथा शब्द आईचा आहे हे आपोआप कळेलच असं नाही. फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तेच, त्याच क्रमाने भरा. आईचं नाव कुठेही घुसडू नका. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि पूर्ण नाव एकाच ओळीत असेल, तर तो पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या. तिथून पुढे एपीएस (कागद खरे आहेत का ते तपासणारं कार्यालय, त्याबद्दल पुढे), व्हिसा, बँक सगळीकडे तेच नाव चालणार आहे. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत स्वतंत्र पीडीएफ म्हणून जोडा.

ई-मेल तुमचा स्वतःचा. कॉलेजचा आयडी नको, तो पास झाल्यावर बंद होतो. कन्सल्टन्सीचा तर नकोच, त्याबद्दल पुढे.

स्कॅन, आणि मार्कशीटची मागची बाजू

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण अर्ज अडतो तो इथेच.

युनि-असिस्टला मूळ कागदाचा रंगीत स्कॅन लागतो. झेरॉक्सचा स्कॅन नको. इंग्रजीतल्या कागदांना भाषांतर लागत नाही, त्यामुळे आपल्या विद्यापीठांच्या मार्कशीट तशाच चालतात. मोबाइलने फोटो काढून अ‍ॅपमधून पीडीएफ केली तर कोपऱ्यात सावली पडते आणि शिक्का पुसट येतो. दहावीची मार्कशीट हौसेने लॅमिनेट केलेली असेल तर ट्यूबलाइटचा चट्टा बरोबर टक्केवारीवर येतो. चौकातल्या सायबर कॅफेतला फ्लॅटबेड स्कॅनर यापेक्षा केव्हाही चांगला. ३०० डीपीआय, रंगीत, प्रत्येक प्रकारच्या कागदाची एक पीडीएफ. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट क्रमाने एकाच फाइलमध्ये, पदवीचा दाखला वेगळ्या फाइलमध्ये.

आता मागची बाजू. ग्रेड पद्धतीच्या मार्कशीटवर ओ, ए प्लस, बी अशी अक्षरं म्हणजे किती गुण आणि पास व्हायला किमान किती लागतात, हा तक्ता बहुधा मागे छापलेला असतो. स्कॅन करताना लोक तो सोडून देतात, कारण 'मागे काहीच नाही' असं वाटतं. गुण जर्मन श्रेणीत बदलण्याचं सूत्र त्याच तक्त्यातल्या दोन आकड्यांवर चालतं. म्हणून पुढची बाजू, मागची बाजू, पुढची, मागची असा क्रम. तक्ता छापलेलाच नसेल तर परीक्षा विभागाच्या ट्रान्सक्रिप्टवर तो आहे का ते बघा, आणि ट्रान्सक्रिप्ट जोडा.

एटीकेटी लागलेली असेल तर लपवू नका. नापासाची मार्कशीट आणि नंतर सुटलेल्या विषयाची मार्कशीट, दोन्ही लावा. फक्त शेवटची लावली तर मधल्या सेमिस्टरची बेरीज जुळत नाही आणि कागद अपूर्ण ठरतो. रिव्हॅल्युएशनमध्ये गुण वाढले असतील तर दुरुस्त मार्कशीट विद्यापीठाकडून हातात येईपर्यंत थांबा. ऑनलाइन निकालाच्या प्रिंटआउटचा इथे उपयोग नाही.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची. तुमच्याकडे बीईच्या सहाच सेमिस्टरच्या मार्कशीट असतात, आणि चार वर्षांच्या पदवीत पहिलं वर्ष गायब दिसतं. एमएसबीटीईच्या (राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) डिप्लोम्याच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि प्रमाणपत्र जोडा. कॉलेजकडून लेटरहेडवर चार ओळींचं पत्र घ्या, की विद्यार्थ्याला डिप्लोम्याच्या आधारे दुसऱ्या वर्षात प्रवेश दिला होता. शिक्षणाचा इतिहास भरताना डिप्लोमा वेगळ्या ओळीत, तारखांसह टाका.

अभ्यासक्रमाचं वर्णन विद्यापीठ मागत असेल, तर स्वतःच्या पॅटर्नचा सिलॅबस लावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा २०१५ पॅटर्न आणि २०१९ पॅटर्न यांत विषयांची नावं आणि क्रेडिट वेगळे आहेत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी दिसलेली पीडीएफ उचलली तर मार्कशीटवरचा विषय सिलॅबसमध्ये सापडतच नाही.

गुणांचं सूत्र

'माझा सीजीपीए चांगला होता, तरी जर्मन ग्रेड वाईट आला' ही नेहमीची तक्रार. सूत्र गुप्त नाही, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. जास्तीत जास्त शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला जास्तीत जास्त आणि किमान पास गुणांतल्या फरकाने भागा. येईल त्याला तीनने गुणा आणि एक मिळवा. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० जेमतेम पास, म्हणजे आकडा जितका लहान तितकं चांगलं.

समजा सीजीपीए ८.२ आहे, कमाल १० आणि किमान पास ४. दहातून ८.२ गेले १.८, भागिले ६, गुणिले ३ म्हणजे ०.९, अधिक १, उत्तर १.९. हाच सीजीपीए, पण किमान पास ५ धरला तर भागाकार ५ ने होतो आणि उत्तर २.०८ येतं. जिथे कोर्सची अट '२.० किंवा त्याहून चांगला' आहे, तिथे तुम्ही एका तक्त्यामुळे आत किंवा बाहेर असता. मागच्या बाजूचा स्कॅन इतका का महत्त्वाचा, ते आता दिसेल.

टक्क्यांचंही तसंच. ६८ टक्के, पास ४० ला, तर २.६. पास ५० ला असेल तर २.९२. किमान गुण जितके वर, तितकं तुमचं नुकसान, कारण वरच्या पट्ट्यातलं अंतर आखडतं.

यावर एक उपाय लोक करतात आणि तो अंगाशी येतो. सीजीपीएचे टक्के आपणच काढून फॉर्ममध्ये भरतात, कारण टक्के 'बरे दिसतात'. मार्कशीटवर जे मोजमाप छापलं आहे तेच भरा. पदवीच्या दाखल्यावर फक्त 'फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन' असेल आणि एकत्रित सीजीपीए कुठेच नसेल, तर ट्रान्सक्रिप्ट काढताना तो आकडा त्यावर येतोय ना, ते खिडकीवरच बघून घ्या.

एपीएस आधी

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना जर्मन स्टुडंट व्हिसासाठी एपीएसचा दाखला सक्तीचा झाला. बरीच विद्यापीठं तो अर्जासोबतच मागतात. एपीएस आणि युनि-असिस्ट हे दोन वेगळे दरवाजे आहेत. एपीएसचं कार्यालय नवी दिल्लीत आहे, फी १८,००० रुपये, आणि काम एवढंच की तुमचे कागद खरे आहेत का हे तपासणं. संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, फी बँकेतून पाठवायची, फॉर्मची प्रिंट काढून सही करायची आणि यादीतल्या कागदांच्या झेरॉक्ससह कुरिअर करायचा. मूळ कागद पाठवायचे नाहीत. शिक्षण चालू असणाऱ्यांची आणि पदवी झालेल्यांची कागदांची यादी वेगळी आहे, आपल्या गटाची उघडून बघा.

साधारण तीन-चार आठवडे धरले जातात, गर्दीच्या महिन्यांत जास्त. सही राहिली, यादीतला एक कागद कमी निघाला किंवा फीच्या व्यवहाराचा पुरावा जुळला नाही, तर तो कागद पोचेपर्यंत फाइल तिथेच थांबते. पाकीट बंद करण्याआधी यादी हातात घेऊन एकेक कागदावर पेन्सिलने टिक करा. दिल्लीपर्यंतचा कुरिअर ट्रॅकिंगचाच पाठवा.

एपीएसला दिलेल्या आणि युनि-असिस्टला चढवलेल्या कागदांत फरक नको. एकीकडे एटीकेटीची मार्कशीट आणि दुसरीकडे नाही, असं झालं की नसता संशय येतो.

तारखा

हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि त्यासाठी अनेक ठिकाणी १५ जुलै ही शेवटची तारीख असते. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सना ती बऱ्याचदा ३१ मे किंवा त्याआधीही असते. युनि-असिस्ट स्वतः सांगतं की मुदतीच्या किमान आठ आठवडे आधी अर्ज पाठवा, आणि छाननीला चार ते सहा आठवडे लागतात. १५ जुलैतून आठ आठवडे मागे गेलात की २० मे येते, ३१ मेमधून ५ एप्रिल. हीच तुमची खरी मुदत समजा. शेवटच्या दिवशी सबमिट केलेला अर्ज वेळेत धरला जाईल, पण त्यात काही कमी असलं तर ते तुम्हाला मुदत उलटून गेल्यावर कळेल आणि तेव्हा दुरुस्तीला जागा उरलेली नसेल.

घड्याळही जर्मनीचं. उन्हाळ्यात आपण तिथल्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. १५ जुलैची रात्र तिथे संपते तेव्हा आपल्याकडे १६ तारखेचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. हा फायदा मानून रात्रभर जागू नका, त्या रात्री पोर्टलवर गर्दी असते.

आपल्याकडे आठव्या सेमिस्टरचा निकाल बऱ्याचदा या तारखांनंतर लागतो. बरीच विद्यापीठं सात सेमिस्टरच्या मार्कशीट आणि कॉलेजचं बोनाफाइड पत्र यांवर अर्ज घेतात आणि पदवीचा दाखला नोंदणीच्या वेळी मागतात. सगळीच घेत नाहीत, कोर्सच्या पानावर ते लिहिलेलं असतं. बोनाफाइड पत्रात 'अंतिम वर्षात शिकत आहे' इतकंच नको. निकाल अंदाजे कोणत्या महिन्यात आणि आतापर्यंतचा एकत्रित सीजीपीए किती, हेही हवं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं धरला जातो. तिसऱ्या वर्षात हौसेने दिलेली परीक्षा अर्जाच्या वेळी जुनी होऊ शकते.

निरोप आणि उत्तरं

या सेवेचा कमकुवत भाग हाच. फाइल उघडली, तपासली, पाठवली, एवढे निरोप येतात. मधले आठवडे शांतता. ज्याने तपासलं त्याच्याशी बोलता येत नाही आणि 'जरा बघा ना साहेब' असली सोय नाही. संपर्काचा फॉर्म आहे, पण उत्तर ठोकळेबाज येतं आणि ते यायला वेळ लागतो. प्रश्न विचारताना अर्जदार क्रमांक, विद्यापीठ, कोर्स आणि एकच नेमका प्रश्न लिहिला तर उत्तर कामाचं मिळायची शक्यता वाढते. तोच प्रश्न तीनदा पाठवला म्हणून लवकर उत्तर येत नाही.

'कागद कमी आहेत' असा निरोप आला तर घाबरायचं कारण नाही. काय कमी आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि मुदत शिल्लक असेल तर पोर्टलवरच जोडता येतं, त्याची वेगळी फी नाही. 'अटी पूर्ण होत नाहीत' असा निरोप आला तर ओळ न ओळ वाचा. ही अट युनि-असिस्टने ठरवलेली नसते, विद्यापीठाने त्यांना दिलेली असते. वाद घालायचा तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी घाला. 'फाइल विद्यापीठाकडे पाठवली' हा निरोप म्हणजे प्रवेश नव्हे. तो आला की पेढे वाटणारे आहेत, म्हणून लिहावं लागतं.

ज्या कॉलेजच्या दर्जाबद्दल शंका असेल त्याचं नाव आधी अनाबिन या जर्मन सरकारी यादीत बघा. एच प्लस म्हणजे मान्य, एच मायनस म्हणजे नाही, आणि मधलं चिन्ह म्हणजे प्रकरणानुसार. आपली बहुतेक कॉलेजं विद्यापीठाशी संलग्न असतात आणि पदवी विद्यापीठ देतं, म्हणून कॉलेजचं नाव सापडलं नाही तर विद्यापीठाचं शोधा. हे पाच मिनिटांचं आणि फुकटचं काम आहे, आणि ७५ युरो भरायच्या आधीच करायचं आहे.

कन्सल्टन्सी लागते का

युनि-असिस्टचा फॉर्म भरण्यापुरती नाही. वर लिहिलेलं ज्याला समजलं तो हे एका शनिवार-रविवारात करू शकतो. कोर्स निवडायला आणि एसओपी सुधारायला कुणाची मदत घेतली तर त्यात वावगं काही नाही. पण खातं कन्सल्टन्सीच्या ई-मेलवर उघडलेलं असेल, तर 'कागद कमी आहेत' हा निरोप त्यांच्या इनबॉक्समध्ये जातो, आणि त्यांच्याकडे तुमच्यासारखे शंभर असतात. पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर अर्जही तुमच्या हातात नाही. कुणी 'फुकट मार्गदर्शन' देत असेल आणि यादीत एकामागोमाग एक खाजगी, मोठ्या फीची कॉलेजं निघत असतील, तर त्याचे पैसे कुठून येतात हे विचारायला लाजू नका.

स्टार द्यायचेच तर छाननीच्या कामाला चार. नियम छापलेले आहेत, सूत्र उघड आहे, आणि माणूस बघून निकाल बदलत नाही. पोर्टलला साडेतीन. फीला तीन, आणि एकाच कोर्सला अर्ज करणाऱ्याला ती जास्तच वाटेल. संपर्काला दोन, तेही निरोप लेखी येतात म्हणून.

सगळं झाल्यावर ती पीडीएफची फोल्डर उडवू नका. व्हिसाच्या अर्जाला जवळपास हेच कागद पुन्हा लागतात, वर ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे तिथल्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्याचा, पुरावा, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो. आणि विद्यापीठात नोंदणीच्या दिवशी खिडकीवर मूळ मार्कशीट दाखवावी लागते, तेव्हा त्या चेक-इन बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा.